नोकरीची जाहिरात आणि न सांगितलेला पगार

दुकानात गिऱ्हाईक येते, कापडाला हात लावते आणि भाव विचारते. अशा वेळी "आधी घरी न्या, भाव मग सांगू" असे कोणताही दुकानदार म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्याचे दुकान महिनाभरही चालणार नाही. पण नोकरीच्या बाजारात हाच व्यवहार रोज होतो आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मोबाईलवर नोकरीची जाहिरात दिसते. कामाचे तास लिहिलेले असतात, शिक्षण व अनुभव किती हवा तेही असते. पगाराच्या जागी मात्र "योग्यतेनुसार", "आकर्षक वेतन" किंवा "जाहीर केलेले नाही" एवढेच असते. म्हणजे आपली मेहनत विकायला निघालेल्या माणसाला त्या मेहनतीचा भाव शेवटी कळतो, आणि तोही खर्च व वेळ गेल्यावर.

हा प्रश्न केवळ शिकलेल्या मुलांचा आहे असे समजू नये. आपल्या वाचकांपैकी निम्मे लोक काम देणारे आहेत आणि निम्मे काम करणारे. एकाच घरात वडिलांचे शहागंजला दुकान असते आणि मुलगा वाळूजच्या कारखान्यात नोकरी शोधत असतो. म्हणून या विषयाच्या दोन्ही बाजू पाहणे आवश्यक आहे.

ओळखीपासून मोबाईलपर्यंत

आपल्या शहरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत व आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पूर्वी काम मिळे ते ओळखीने. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज येथील दुकानांत नवा मुलगा ठेवायचा तर जुना नोकर आपल्या मोहल्ल्यातला मुलगा घेऊन येई. पगार किती हे त्या जुन्या नोकराने आधीच सांगितलेले असे. हिमरू विणणारा, शिलाई करणारा, जरीकाम करणारा कारागीर तर नगावर किंवा मीटरवर काम घेई. दर ठरल्याशिवाय माग हलत नसे की सुई चालत नसे. पगार कमी असेल, पण तो गुपित नव्हता.

सरकारी नोकरीतही गुपित नसते. पोलीस शिपायाच्या भरतीत सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २१,७०० ते ६९,१०० अशी वेतनश्रेणी असते आणि अर्ज करणाऱ्याला ती पहिल्या दिवसापासून माहीत असते. सरकारी नोकरीवर लोकांचा जो विश्वास आहे त्याला कायमपणा हे कारण आहेच, पण हा उघडपणाही आहे.

खाजगी कारखान्यांसाठी १९५९ साली एक कायदा झाला. २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांनी आपल्याकडील रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्यात असे त्यात होते. काही कामे त्यातून वगळली होती. जागा कळवण्याच्या नमुन्यात पगार व भत्ते यांचा रकाना होता. प्रत्यक्षात मालकांनी माणसे भरली ती ठेकेदारामार्फत किंवा ओळखीने, आणि कार्यालयातील कार्ड वर्षानुवर्षे नूतनीकरण करून घेण्यापुरते उरले.

१९९७ साली नोकरी डॉट कॉम सुरू झाले आणि पुढे जाहिराती संगणकावर व नंतर मोबाईलवर आल्या. कारागीर, डिलिव्हरीवाले, दुकानातील सेल्समन यांच्यासाठी २०१९ पासून 'अपना'सारखी ॲप आली. सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ साली सुरू झाले, आणि महाराष्ट्र शासनाचे महास्वयम आहे. पूर्वी ज्या बातमीला ओळख लागे ती बातमी आता किराडपुऱ्यातल्या मुलालाही मुंबईच्या मुलाबरोबरच मिळते. हा मोठा फायदा आहे. पण या प्रवासात पगाराचा आकडा मात्र मागे राहिला. बहुतेक ठिकाणी तो दाखवायचा की झाकायचा हे मालकाच्या मर्जीवर असते.

मालक पगार का झाकतो?

झाकणारा प्रत्येक मालक बदनियतीचा असतो असे नाही. त्याची कारणे व्यापाऱ्याला समजण्यासारखी आहेत. पहिले कारण जुन्या नोकरांचे. दुकानात दहा वर्षे काम करणाऱ्याला १४ हजार मिळतात आणि नव्या माणसासाठी १६ हजारांची जाहिरात दिली, तर दुसऱ्या दिवशी जुना माणूस समोर उभा राहतो. दुसरे कारण शेजारच्या व्यापाऱ्याचे. आपला आकडा त्याला कळला तर तो पाचशे वाढवून माणूस पळवील ही भीती. तिसरे कारण घासाघिशीचे. समोरचा गरजू असेल तर तो कमी पैशांत तयार होईल, मग आधीच आकडा सांगून हात का बांधून घ्यावे?

बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करतो. घेणारा, देणारा आणि दलाल सोडून कोणाला भाव कळत नाही. या पद्धतीत दलालाचा फायदा नक्की असतो, शेतकऱ्याचा असेलच असे नाही. नोकरीच्या बाजारात रुमाल मालकाच्या हातात आहे. त्याला दहा उमेदवारांची मागणी कळते, उमेदवाराला एकाही मालकाचा आकडा कळत नाही. त्यात आणखी एक प्रश्न विचारला जातो: "आधीच्या ठिकाणी किती मिळत होते?" ज्याला आधी कमी मिळाले त्याला पुढेही कमीच मिळावे अशी ही व्यवस्था आहे. घर सांभाळून पुन्हा कामावर येणाऱ्या बाई, गल्लीतल्या छोट्या वर्कशॉपमधून कारखान्यात जाणारा वेल्डर, दुकानातून ऑफिसात जाणारा मुलगा, या सर्वांना हा प्रश्न मारक ठरतो.

आणि नुकसान फक्त उमेदवाराचेच होते असे नाही. आमच्या परिचयातील एका व्यापाऱ्याने हिशेबनीस हवा म्हणून पगार न लिहिता जाहिरात दिली. चाळीस-पन्नास अर्ज आले. दहा जणांना बोलावले. त्यांपैकी सात जणांची अपेक्षा त्याच्या आकड्याच्या दुप्पट होती. त्याचे तीन दिवस गेले, त्या मुलांचे रिक्षाभाडे गेले आणि एक दिवसाची रोजीही गेली. आकडा आधी लिहिला असता तर सात जण आलेच नसते आणि राहिलेल्या तिघांशी नीट बोलता आले असते.

लिहिलेला आकडा आणि हातात येणारा आकडा

पगार लिहिला म्हणजे सर्व उघड झाले असेही नाही. आजकाल कंपन्या 'सीटीसी' सांगतात. म्हणजे त्या माणसावर कंपनीचा एकूण जो खर्च होईल तो. आपली मुले त्याला बाराने भागतात आणि घरी सांगतात की एवढा पगार मिळणार. पहिल्या महिन्यात बँकेत वेगळाच आकडा दिसतो आणि घरात वाद होतो. म्हणून एक हिशेब येथे देत आहोत.

समजा वर्षाला ३ लाख सांगितले. महिन्याला झाले २५,०००. त्यात मूळ वेतन निम्मे, म्हणजे १२,५०० धरू. कंपनी आपल्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १२ टक्क्यांनी १,५०० रुपये यातूनच धरते. ग्रॅच्युइटीचे सुमारे ४.८१ टक्के म्हणजे ६०० रुपयेही यातच मोजते. उरले २२,९००. आता कामगाराच्या वाट्याचा निधी आणखी १,५०० कापला जातो आणि व्यवसाय कर २०० रुपये. हातात आले सुमारे २१,२००. ईएसआय लागू असेल तर आणखी थोडे कमी. आणि त्या २५,००० मध्ये २,००० रुपये "कामगिरीप्रमाणे" म्हणून वर्षाच्या शेवटी द्यायचे असतील, तर दर महिन्याला हातात १९,२०० राहतात. २५ आणि १९ यांत मोठे अंतर आहे. घराचे भाडे आणि मुलाची फी या अंतरातच असते.

यात निधीचे पैसे बुडत नाहीत हे लक्षात ठेवावे. ते कामगाराच्याच खात्यात जमा होतात. पण ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावर मिळते, ठराविक मुदतीच्या कामगाराला नव्या संहितेप्रमाणे एका वर्षानंतर. जो दोन वर्षांत नोकरी सोडतो त्या कायम कामगाराच्या 'पगारात' ते पैसे फक्त कागदावर होते.

ठेकेदारामार्फत लागणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील अनेक जाहिरातींत कंपनीचे नाव मोठे असते आणि पगार लिहिलेला असतो तो बारा तासांचा, ओव्हरटाइम धरून. आठ तासांचा किती, असे विचारले की खरा आकडा बाहेर येतो. कायद्याप्रमाणे जादा तासांना दुप्पट दर असतो. म्हणून बारा तासांचा आकडा ऐकून खूश होण्याआधी तो आठ तास अधिक दुप्पट दराचे चार तास असा बसतो का, हे पाहावे. आठ तासांचे ४०० असतील तर तासाला ५०, आणि जादा चार तासांचे दुप्पट दराने ४००. म्हणजे बारा तासांचे ८०० झाले पाहिजेत. ६०० मिळत असतील तर कोठेतरी २०० राहिले.

शरीअत काय सांगते?

आपल्यासाठी हा मामला केवळ कायद्याचा नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी या आशयाची इब्ने माजाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे, जुम्याच्या बयानात ती येते. पण त्याच्या आधीची पायरी आपण विसरतो. ज्याने मजूर लावला त्याने त्याची मजुरी त्याला कळवावी, या आशयाची रिवायत इमाम बैहकी यांनी नोंदली आहे. म्हणजे वेळेवर देणे ही दुसरी गोष्ट, आधी सांगणे ही पहिली.

फिकहमध्ये मजुरीच्या कराराला इजारा म्हणतात. हनफी फिकहचा प्रसिद्ध ग्रंथ 'हिदाया' आपल्या मदरशांत आजही शिकवला जातो. इजाऱ्याचा नियम असा की काम कोणते आणि उजरत किती, या दोन्ही गोष्टी माहीत असल्या पाहिजेत. उजरत अज्ञात असेल तर करार फासिद ठरतो. आणि काम होऊन गेले असेल तर? तर मालक मनाला येईल ते देऊन मोकळा होत नाही. त्या कामाची बाजारात जी चालू मजुरी असेल, म्हणजे उजरते-मिस्ल, ती त्याला द्यावी लागते. कारण स्पष्ट आहे. अज्ञानातून झगडा निर्माण होतो, आणि झगडा टाळणे हा करारांच्या नियमांचा मोठा हेतू आहे.

कुरआनमध्ये सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या मदयनमधील नोकरीचा प्रसंग आहे. तेथे आठ वर्षांची मुदत ठरली, दहा पूर्ण केल्यास ती त्यांची खुशी, आणि बदल्यात काय तेही आधी स्पष्ट झाले. हजरत मूसा (अ.) परदेशात निराधार होते. तरी त्यांच्या गरजेचा फायदा घेऊन अटी मोघम ठेवल्या गेल्या नाहीत. "काम बघू, मग पगार ठरवू" म्हणणाऱ्या आपल्या दुकानदार बांधवांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

कायदा कोठवर आला आहे?

खाजगी मालकाने जाहिरातीत पगार छापलाच पाहिजे असा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. पण त्याच्या पुढच्या पायऱ्यांवर कायदा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. त्यांतील या विषयाशी संबंधित गोष्टी अशा. कामगाराला नेमणूकपत्र द्यावे लागते. पगाराची स्लिप द्यावी लागते. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत झाला पाहिजे. नोकरी सुटली किंवा काढले तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. 'वेतन' शब्दाची व्याख्याही बदलली. निधी, ग्रॅच्युइटी वगैरे ज्यावर मोजतात ते वेतन कमी दाखवण्यासाठी भत्ते फुगवण्याची चाल होती. आता वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. स्त्री-पुरुषांना सारख्या कामाला सारखे वेतन हा १९७६ च्या कायद्यातील नियमही वेतन संहितेत आला आहे.

त्याशिवाय किमान वेतन आहेच. महाराष्ट्रात ते उद्योगाप्रमाणे व परिमंडळाप्रमाणे ठरते आणि त्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. आपल्या धंद्याचा चालू दर कामगार उपायुक्त कार्यालयात विचारता येतो. दुकानदारानेही तो विचारावा आणि कामगारानेही.

परदेशात या बाबतीत वारे जोरात वाहू लागले आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२१ पासून जाहिरातीत पगार लिहिणे सक्तीचे केले. न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२ पासून आणि कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ पासून तेच केले. युरोपीय संघाने २०२३ साली निर्देश काढला आणि सदस्य देशांनी ७ जून २०२६ पर्यंत तो आपल्या कायद्यात आणावा अशी मुदत दिली. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मुलाखतीपूर्वी पगाराचा टप्पा सांगावा, आणि आधीचा पगार विचारू नये.

कायद्याने सगळे सरळ होते असे मात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीला काही कंपन्यांनी एवढे रुंद टप्पे छापले की त्यातून काहीच कळेना. आपल्याकडेही "१० ते ४० हजार" अशा जाहिराती दिसतात. त्यातला ४० हा आकडा गिऱ्हाईक खेचण्यासाठी असतो आणि द्यायचे असतात १०. सेलच्या पाटीवर '५० टक्क्यांपर्यंत सूट' लिहितात त्यातला 'पर्यंत' हा शब्द आपल्याला चांगला माहीत आहे.

आखात आणि फसवणूक

आपल्या समाजात हा विषय आखाताशिवाय पुरा होत नाही. दहावी न झालेल्यांना ज्या १८ देशांत कामाला जाण्यासाठी इमिग्रेशनची मंजुरी लागते, त्यांत सौदी अरब, अमिरात, कतार, कुवेत येतात. भरती करणारा एजंट १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेला असला पाहिजे आणि त्याची नोंद ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. त्याला घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. लाख-दीड लाख मागणारा नियमाबाहेर मागतो. करारात पगार कोणत्या चलनात, जेवण व राहणे पगारात की वेगळे, हे लिहून घ्यावे. येथे एक पगार सांगून तेथे विमानतळावर उतरल्यावर दुसऱ्या कागदावर सही घेणे हा जुना प्रकार आहे. मूळ कराराची प्रत घरी ठेवून जाणे हा त्यावरचा साधा बंदोबस्त.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मोठा आकडा ठळक छापलेला असणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना म्यानमार सीमेवरील भागातून सोडवून वायुसेनेच्या विमानांनी परत आणावे लागले. संगणकावरच्या चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून अशा मुलांना तेथे नेले जाते आणि ऑनलाइन ठगीच्या कामाला जुंपले जाते. जो पगार बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट सांगतो आणि वर 'नोंदणी फी' किंवा 'डिपॉझिट' मागतो, तो नोकरी देत नाही, पैसे घेतो. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आपण काय करावे?

जे नोकरी शोधत आहेत त्यांनी पगार विचारण्यात संकोच मानू नये. आपल्याकडे असा समज आहे की पगार विचारला तर मुलगा लालची दिसतो. भाव विचारणारे गिऱ्हाईक लालची नसते, ते शहाणे असते. मुलाखतीला निघण्याआधी फोनवर अदबीने चार गोष्टी विचाराव्यात: पगाराचा टप्पा काय, तो किती तासांचा, कापून हातात किती येईल, आणि पगार कंपनी देणार की ठेकेदार. उत्तर मिळाले की तेच मेसेजवर लिहून मागावे. आधीचा पगार विचारला तर खोटे सांगू नये. "या कामाची माझी अपेक्षा इतकी आहे" असे सांगता येते. अपेक्षेचा आकडा मात्र हवेतून काढू नये. तेच काम करणाऱ्या दोन-तीन जणांना विचारून काढावा.

जे नोकरी देतात त्यांनी जाहिरातीत टप्पा लिहावा आणि तो अरुंद ठेवावा. १४ ते १६ हजार म्हटले तर खरोखर १४ ते १६ असावा. कमिशन असेल तर ठरलेला पगार वेगळा आणि कमिशन वेगळे लिहावे. जुन्या नोकराची भीती वाटत असेल तर त्यावर जाहिरात झाकणे हा उपाय नाही. जाहिरात देण्यापूर्वी जुन्या माणसाचा हिशेब पाहावा. दहा वर्षे इमानाने राहिलेल्या माणसाला नव्यापेक्षा कमी मिळत असेल, तर ते त्याला कळणे हे दुखणे नाही, दुखणे त्या आकड्यातच आहे. आणि तो आकडा त्याला आज ना उद्या कळतोच. चहाच्या टपरीवर पगार लपत नाहीत.

शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीसाठी मोठ्या कंपन्यांनी करार केले आहेत. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाबरोबर केलेला करार त्यांपैकीच. येत्या वर्षांत तेथे माणसे लागतील आणि जाहिराती मोबाईलवरच येतील. आपल्या दुकानांतली, कारखान्यांतली हुशार मुले त्या वाचतील. पगार उघड सांगणाऱ्या आणि वेळेवर देणाऱ्या मालकाकडे ती टिकतील. रुमालाखाली हात ठेवणाऱ्याकडे तीच राहतील ज्यांना दुसरीकडे कोणी घेत नाही. व्यापारी म्हणून एवढा हिशेब आपल्याला कळायला हवा. मुसलमान म्हणून तर उजरत आधी सांगण्याचा हुकूम आपल्याला या सगळ्या कायद्यांच्या कित्येक शतके आधी मिळालेला आहे.